बोल कुणाला लावायचा

आमच्या किनाऱ्यावर बाईला दिवस गेले की तिसरा महिना सरेपर्यंत ते कुणाला सांगत नाहीत. आई म्हणते, दृष्ट लागते. मला वाटतं, काही कमीजास्त झालंच तर ते गावभर होऊ नये, एवढाच त्यातला शहाणपणा. आणि मी नोकरी करते ती अणुवीज केंद्रात. तिथे नेमकं उलटं. कळलं की लगेच सांगायचं.

नियम चांगला आहे. मी रसायन विभागात आहे, आतल्या भागात जाऊन पाण्याचे नमुने आणायचे आणि तपासायचे हे माझं काम. छातीवर एक बॅज असतो, अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते त्यावरून समजतं. मोठ्या माणसाला जेवढा चालतो त्यापेक्षा कितीतरी कमी पोटातल्या जिवाला चालतो, म्हणून बाईने सांगितलं की तिला बाहेरचं काम देतात. नव्याने लागलेल्या मुलींना हे मीच समजावून देते. तोंडपाठ आहे मला.

गेल्या वर्षी माझ्यावर वेळ आली तेव्हा बोईसरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच होते. नवरा जहाजावर असतो, सहा सहा महिने. त्या सकाळी त्याचा फोन लागेना, जहाज कुठेतरी मध्येच होतं. बस चुकवून चालणार नव्हतं. तेव्हा माझ्या बाळाची बातमी या जगात सर्वांत आधी ऐकली ती आमच्या सेक्शनच्या साहेबांनी. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त लाजले. टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला आणि म्हणाले, "बरं झालं. म्हणजे, अभिनंदन. आजपासून आत जाऊ नका." मी "थँक यू सर" म्हणून बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने की कशाने, ते तेव्हाही धड कळलं नव्हतं.

मला बाहेरच्या ऑफिसात टेबल मिळालं. कोणी कुणाला काही सांगितलं नाही, पण तिशी-पस्तिशीतली बाई अचानक आत जायची थांबली याचा अर्थ आमच्याकडे शिपायालाही कळतो. बसमध्ये पुढची सीट माझ्यासाठी रिकामी राहू लागली. कँटीनमधला वाढपी पोरगा बिहारचा, तो मिरचीच्या लोणच्याची बरणी माझ्यापासून लांब सरकवून म्हणायचा, "मॅडम, तीखा मत खाइए, गर्मी करता है।" एरवी मला असल्या काळज्यांचा वैताग येतो. तेव्हा आला नाही, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडताना तो लोणचंवाला आठवून बरं वाटायचं.

आईला सांगणं भाग होतं. आमच्या गावातली चार पोरं केंद्रात ठेकेदारीवर आहेत, बातमी संध्याकाळच्या एसटीने घरी पोचली असती. फोनवर आई आधी खूश झाली आणि मग म्हणाली, "म्हंजे तू सगल्या प्लँटाला सांगून बसलीस?"

"नियम आहे आई."

"असंल," ती म्हणाली. "आमचा पन हाय."

तिसरा महिना सरला नाही. एका दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या कंबर भरून आली. मी कोणाला काही न सांगता अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, पहिल्या खेपेला असं पुष्कळ जणींचं होतं, बहुतेकदा कारण सापडत नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही कुठे काम करता, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल."

माहिती होतीच. तरी कामावर परतल्यावर मी सगळ्यात आधी माझ्या बॅजचे आकडे मागवले. खरं सांगू? काहीतरी निघावं असं मला वाटत होतं. जरासं तरी. म्हणजे मला कुणाशी तरी भांडता आलं असतं, साहेबांच्या टेबलावर हात आपटता आला असता. काही नव्हतं. नोंद घेण्याइतकंही नव्हतं. सगळ्यांनी सगळं नीट केलं होतं आणि माझं मूल गेलं होतं. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, नवरा जहाजावर असतानाच्या दिवाळीतही नाही.

पुन्हा आत जायचं तर पुन्हा साहेबांना सांगणं आलं. याला मात्र कुठला नियम नव्हता, त्यामुळे कोणत्या शब्दांत सांगावं तेही सुचेना. मी म्हटलं, "सर, मला आतलं काम परत द्या." त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पेपरवेट धरून बसले. "थोडे दिवस बाहेरच बसा की." मी नको म्हटलं. बाहेर बसले असते तर ती बसची सीट आणि ते लोणचं चालूच राहिलं असतं. मी आत जाऊ लागले आणि दोन दिवसांत सीट बंद झाली. कँटीनमधल्या पोराने बरणी न बोलता माझ्या ताटाजवळ ठेवली. मी जेवण टाकून उठले.

त्या शनिवारी माहेरी गेले. बोंबील वाळत घालायचे दिवस होते. आई किनाऱ्यावरच्या बांबूंवर बोंबील अडकवत होती, मी टोपलीतले जोडीजोडीने तिच्या हातात देत होते. शेजारची मावशी आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "ऐकलं ते खरं काय गो?"

"खरं," आई म्हणाली. "त्या प्लँटानं खाल्लं माझ्या लेकीचं."

माझं डोकं फिरलं. या गावात, आजूबाजूच्या गावांत, किरणोत्सर्ग म्हणजे काय हे सांगायला केंद्राकडून मीच जाते, कारण मी यांच्यातली. बायका माझं ऐकतात. "माझ्याकडे बघा, मी रोज आत जाते," असं मी त्यांना सांगत आलेय. मी मावशीला तिथल्या तिथे सगळं समजावलं. बॅज, आकडे, दोन महिने मी आत पाऊलही टाकलं नव्हतं ते. मावशी मान हलवत राहिली. "असंल बाय, असंल," म्हणाली, आणि आईकडे एक नजर टाकून निघून गेली. माझ्या एका शब्दावर तिचा विश्वास बसला नव्हता.

घरी आल्यावर मी आईवर तुटून पडले. "तुला पटत नसेल तर मला विचार ना. गावाला कशाला सांगतेस? उद्या मी बोलायला उभी राहिले तर कोण ऐकेल माझं?"

आई चुलीपाशी कालवण ढवळत होती. "मला पटलं हाय," ती म्हणाली. "तू फोनवर ते बॅजाचं आकडं सांगितलंस तवाच."

"मग?"

ती कालवण ढवळतच राहिली. त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "एवढा त्या प्लँटला बोल लावायचाय तर तसं सांग, सोडून देते नोकरी. संपला विषय."

तेव्हा तिने पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"सोडू नको," ती म्हणाली. "आता लोक प्लँटाला बोलतात. तू सोडलीस, आनि परत तसंच झालं, तर मंग कोनाला बोलतील?"