तारेचा क्लच असलेलं साल

पप्पांचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापला, त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याआधी वीस वर्षं ते कवठे येमाईहून कांद्याची पिकअप चालवायचे. आता पिकअप दादाकडे होती आणि पप्पा दाराकडच्या सीटवर बसायचे. दादानं गिअर बदलला की पप्पांची उरलेली अर्धी मांडी क्लच दाबल्यासारखी किंचित खाली जायची. मी दोघांच्या मधे बसायचे, म्हणून मला ते कळायचं.

जुनी छोटी कार घेऊन तिचा क्लच हातावर करून घ्यायचं त्यांनी ठरवलं. त्या सकाळी निघताना म्हणाले, "आज जमलं तर जमलं. न्हाईतर हा विषय घरात परत काढायचा न्हाई."

दादानं आम्हाला वरवंडला सोडलं आणि तो माल घेऊन दौंडला गेला. हायवेलगतच्या मोकळ्या जागेत विकायच्या जुन्या गाड्या उभ्या होत्या. तिथला गाडीवाला आणि असे बदल करून देणारा म्हातारा मिस्त्री आमची वाट बघत होते. मिस्त्रीला सगळे मामा म्हणायचे.

माझ्याकडे एक कागद होता. एकाच मॉडेलच्या दोन पांढऱ्या गाड्या होत्या, एक दोन हजार सतराची, एक एकोणीसची. रनिंग, एअरबॅग, टायर, विमा, सगळं मांडून मी एकोणीसच्या गाडीखाली रेघ मारली होती. गाडीच्या प्रत्येक भागाचं नाव मला इंग्रजीतून पाठ होतं. हात मात्र एकाही भागाला लागला नव्हता.

मामांनी कागद लांब धरून वाचला. "मॅडमनी अभ्यास चांगला केलाय. पण ह्यात क्लच कुठाय?"

मी कागद परत घेऊन बघितला.

त्यांनी दोन्ही बॉनेट उघडले आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ ताई. सतराच्या गाडीत पेडलपासून तार येती आन् हा बाहेरचा दांडा ओढती. ह्याच दांड्याला मी दुसरी तार लावली की क्लच तुझ्या वडलांच्या हातात. आन् पेडल तसंच ऱ्हातंय, तू पायानं चालव. पुढच्या सालापासून तेलाचा क्लच आला, दांडा गेला आत. तिथं माझा हात पोचत न्हाई."

"म्हणजे जुनी बरी?" मी विचारलं. तिथं पोचल्यापासूनचं ते माझं पहिलं वाक्य होतं.

"जुनी न्हाई, सतराची. त्याच्या आधीच्यात स्टेरिंग जड. एका हातानं वळवताना खांदा जाईल."

त्यांनी पिशवीतून मोटरसायकलची क्लचची तार आणि लिव्हर काढली.

"मामा, गाडी अजून माझी हाय. भोक पाडू नका," गाडीवाला म्हणाला.

"तुझ्या गाडीला आधीच किती भोकं हायेत ते सांगू का गिऱ्हाइकासमोर?"

पप्पा हसले. गाडीवाला चहा सांगायला गेला.

मामांनी तारेचं एक टोक सतराच्या गाडीच्या त्या दांड्याला अडकवलं, दुसरं खिडकीतून आत घेतलं आणि लिव्हर गिअरच्या दांड्याला पट्टीनं आवळली. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि स्वतःचा डावा पाय दुमडून मांडीखाली घेतला. देवळात बसावं तसे. त्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. खाली उतरून पाय झटकले, लिव्हर अर्धा इंच पुढं सरकवली आणि परत तसंच बसून आणखी एक फेरी मारली. सत्तरीचा माणूस, ज्याला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा भेटत होतो, तो पप्पांचं शरीर अंगावर घालून बघत होता. माझ्या कागदावर यासाठी रकाना नव्हता.

"या आप्पा," ते उतरून पप्पांना म्हणाले.

पप्पांनी कुबड्या माझ्याकडे दिल्या आणि ते स्टेरिंगला बसले. गाडी लगेच बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उसळी मारून बंद पडली तेव्हा पप्पांनी किल्ली फिरवायचं थांबवलं. मला वाटलं, विषय संपला.

मामा खिडकीशी वाकले. "पायानं इचार करताय तुम्ही. पाय ईसरा. बोटं हळू सोडा, मेंढराचा कान सोडल्यावानी."

आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. पप्पांनी बोटांकडे पाहिलं आणि गाडी हलली. कुठं धक्का नाही, आवाज नाही. पहिला, मग दुसरा. तळव्यानं गिअरचा दांडा सरकत होता, बोटं लिव्हर दाबत होती. वीस वर्षं पायात राहिलेली कला माझ्या डोळ्यांदेखत हातात उतरत होती. मी कुबड्या छातीशी धरून उभी होते आणि डोळे मिटायला घाबरत होते.

किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. शेवटी ते आमच्याजवळ येऊन थांबले.

"मग, घ्यायची का?" चहा घेऊन आलेल्या गाडीवाल्यानं विचारलं.

पप्पांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "मामा, रिव्हर्स कुठं पडतो?"

मामांनी दाखवला. पप्पांनी आरसा नीट केला आणि मान न वळवता गाडी मागं घेतली, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवून. इंजिन बंद करून त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. गाडीवाल्याच्या हातातले चहाचे कप तसेच राहिले होते, आमच्यापैकी कुणीच ते घ्यायला हात पुढं केला नव्हता.