किलिमांजारो न पाहिलेला माणूस

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या हॉलचं दार सताड उघडं होतं, म्हणून मी सरळ आत शिरलो. समोर उभ्या असलेल्या पांढऱ्या मिशीच्या काटकुळ्या माणसानं हात वर केला. "सर, बाहेर जा. दारात उभं राहून 'होडी' म्हणा, म्हणजे 'येऊ का?' मी 'करिबू', म्हणजे 'या', म्हटलं का मंग या. तिकडं टांझानियात असंच कोणाच्या घरात घुसत नाईत." छत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. वर्गाबाहेर काढायचा हक्क माझा होता. त्या दिवशी वीस-पंचवीस लोकांदेखत मीच बाहेर गेलो आणि होडी म्हणालो. त्यांनी मला चांगलं ताटकळत ठेवलं, मग करिबू म्हटलं. ही माझी आणि गजभियांची पहिली भेट.

एक संस्था टांझानियात वर्षभरासाठी स्वयंसेवक पाठवायची. त्यांना, आणि नुसत्या हौशी प्रवाशांनाही, त्या देशाची ओळख करून द्यायचं काम दर शनिवारी दुपारी गजभिये करत. कोणाला पाठवायचं यात शेवटचा शब्द त्यांचा असे. माझी लेक केतकी फिजिओथेरपिस्ट. तिला तिथल्या अपंग मुलांच्या एका केंद्रात जायचं होतं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी तिच्यासोबत गेलो तो टांझानियाची ओळख करून घ्यायला नव्हे, तर यात कुठे पाणी मुरतंय ते पाहायला.

संशय हा माझा जुना धंदा. परीक्षेत पोराच्या नुसत्या मानेवरून मला कॉपी कळायची. गजभिये तर पहिल्या तासालाच सापडले. ते मूळचे कळमन्याच्या डाळमिलमधले फिटर. दक्षिण टांझानियात तूर पिकते, तिथं मिल उभी करायला म्हणून गेले आणि अकरा वर्षं राहिले, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच विचारलं, "किलिमांजारो कोणत्या बाजूनं चढतात?"

"मले नाई माहीत. मी पाह्यलाच नाई."

"अकरा वर्षं राहून?"

"तुमी कन्याकुमारी पाह्यली, सर?"

"नाही."

"मंग तुमी भारतातच राहता ना?"

सगळे हसले. सिंहाबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्यानं मले पाह्यलं असन, मी त्याले नाई पाह्यलं." हा गृहस्थ कळमन्याच्या पलीकडे गेलेला नाही, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

मजा अशी, की संशयाच्या बाबतीत ते माझेही गुरू निघाले. माझा एका माणसावर संशय होता, त्यांचा हॉलमधल्या सगळ्यांवर. एका तरुणानं तिथल्या मुलांसाठी घरातले जुने कपडे गोळा केले होते. गजभियांनी त्याची पिशवी उघडायला लावली, एक विटका शर्ट वर धरला. "आपल्याले नको असलेलं तिकडं काहून नेता गा भाऊ? त्यांचं काय कबाड्याचं दुकान हाय?" फोटोंचा विषय निघाला की ते चिडत. "तुमच्या दारात येऊन तुमच्या शेंबड्या पोराचा कोणी फोटो काढला, तर चालन का?" आणि घाई तर त्यांना अजिबात खपत नसे. "तिकडं आधी घरच्यांची खुशाली इचारा, मंग कामाची, मंग सकाळ कशी गेली ते. त्याच्यानंतर आपलं काम सांगा. घाई असन तर नागपुरातच राहा बाप्पा."

केतकीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला त्या मुलांसाठी काहीतरी करायचंय."

"हे तर सगळेच म्हणते. काहीतरी म्हणजे काय?"

तिला धड सांगता आलं नाही. "पाहू," एवढंच म्हणून ते पुढच्याकडे वळले. मला मनातून बरं वाटलं.

पण पाहू म्हणणारा माणूस उद्या हो म्हणू शकतो. मंगळवारी दुपारी मी त्यांचं घर शोधत कळमन्याला गेलो. दारात उभं राहून, नाइलाजानं, होडी म्हणालो. ते दुरुस्तीसाठी पंखा उघडून बसले होते. मी आढेवेढे न घेता पासपोर्ट मागितला. त्यांना राग आला नाही. हात पुसून त्यांनी पेटीतून तो काढून दिला. मी चष्मा लावून एकेक पान तपासलं. दार-एस-सलामचे शिक्के होते, जाण्याचे आणि येण्याचे. चूक सापडेना. तेव्हा, कसा कोण जाणे, त्यांना उघडं पाडायला गेलेला मी हात जोडून म्हणालो, "गजभिये, तिला नाही म्हणा. माझ्यानं म्हणवत नाही."

"काहून?"

"मलेरिया आहे. अनोळखी मुलूख, एकटी पोर..."

"हे झालं पेपरातलं. खरं काय ते सांगा."

"तिला तिकडंच करमलं, ती परतलीच नाही, तर मी काय करू?"

त्यांनी पासपोर्ट पेटीत ठेवला. मी आल्याचं केतकीला सांगू नका म्हटलं, त्यावर म्हणाले, "चहा घ्या."

त्या शनिवारी आम्ही हॉलमध्ये बसतो न बसतो तोच ते म्हणाले, "पोरी, तू जाय वं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी आतून पेटलो. पासपोर्ट मागितल्याचा वचपा काढला, असं मी धरलं. नाहीतर संस्थेला माणसं कमी पडत असतील. केतकी गेली. मग दर शनिवारी त्यांचा फोन येऊ लागला. माझी तब्येत, जेवणाचं काय, केतकीची खुशाली. स्वतःची बाजू सावरतोय, असं मला वाटे. मी तुटक उत्तरं देऊन फोन ठेवत असे.

तिला जाऊन आठ महिने झाले आणि गजभिये झोपेतच गेले. त्यांच्या घरून फोन आला. राग होता तरी मी घाटावर गेलो. परत आल्यावर केतकीला फोन करून कळवलं. तिनं विचारलं,

"बाबा, तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात ना? मला नाही म्हणा, असं सांगायला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. त्या शनिवारी क्लास सुटल्यावर तुम्ही गाडी काढायला गेलात, तेव्हा. म्हणाले, 'मी तुले नाई म्हणणार होतो. पण तुझ्या बापानं माझ्यापुढं हात जोडले. ज्या लेकराच्या मागं बाप असा घाबरते, त्याले दुसऱ्याच्या लेकराले हात कसा लावायचा, ते समजते. म्हणून जाय.'" ती रडत होती. "तुम्हाला सांगू नको म्हणाले. लाजतील म्हणाले."

जोडलेल्या त्या हातांची मला इतके महिने लाजच वाटत होती. त्या दुपारी ती पार गेली. पण हे ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना मी तासाभरापूर्वीच पोचवून आलो होतो.