ढिलं सॉकेट

बाबा एका मंगळवारी सकाळी वारले. परवा कामावर सर्किट जोडताना सोल्डरिंगचा वास आला आणि ते गेले त्याआधीच्या उन्हाळ्यातली, राळेगावच्या घरातली एक दुपार आठवली. प्रोसेसर सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. कंपनीने तो तपासायला चिप बसवलेला बोर्ड एकच दिला होता आणि नोकरी अजून पक्की नव्हती. प्रोग्राम चिपवर चढताना वीज तुटली तर बोर्ड कायमचा निकामी होतो. गावची लाइट गेलेली, म्हणून मी इन्व्हर्टरवर काम चालवलं होतं. प्रोग्राम निम्मा चढला असताना बोर्डावरचा दिवा फडफडला, कारण सॉकेट ढिलं होतं. बाबांनी खाली बसून प्लग दाबून धरला. कूलर बंद होता, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "बाबा, सोडू नका," मी कसाबसा म्हणालो. "नाही सोडून राह्यलो. तू तुह्या कामाकडे पाय, मले काहून पाहून राह्यला? एवढीशी चिप, अन् साऱ्या घराले वेठीस धरते!" त्यांचा हात थरथरत होता, मला मात्र फक्त बोर्डाची भीती वाटत होती. शेवटी बोर्ड सुरू झाला. बाबा हसले, पण प्लगवरची बोटं त्यांना उघडता येईनात. ती मी एकेक करून सोडवली, आणि तेव्हा खरा घाबरलो. "मुंग्या आल्या असतीन," ते म्हणाले, आणि मी ते मानलं, डॉक्टरकडे नेलं नाही. महिन्याभरात नोकरी पक्की झाली. ती अजून आहे.