दहा मिनिटांची फेरी

माझं शेवटचं पोस्टिंग डोंबिवली एमआयडीसीतलं. तीन मजली पॅकिंग युनिट, सकाळी सात ते तीन. सैन्यातून हवालदार म्हणून बाहेर पडलो, कल्याणला घर केलं आणि तिथे शिफ्ट सुपरवायझर लागलो. लोक म्हणतात, जाधव, सीमेवरचं काहीतरी सांगा. सांगतो. पण डोंबिवलीचंही ऐकावं लागेल.

युनिटमध्ये मी एक पद्धत घातली होती. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला आपली जागा फिरवून दाखवायची. दहा मिनिटं. प्रत्येक वस्तूला हात लावून सांगायचं: हे ठीक आहे, हे आवाज करतंय, इथे तेल सांडलंय. सुरुवातीला सगळे हसले. दुपारच्या शिफ्टला दुसऱ्या मजल्यावर विलास भोईर, वीस वर्षांचे जुने, जवळच्याच गावचे. ते म्हणाले, "काय हवालदार, आमाला बॉर्डरवर नेताव का?" पुढे तेच सगळ्यांत कडक झाले. समोरचा मोबाईलमध्ये बघत असला की ओरडायचे, "हात लाव आधी!"

ही पद्धत मला फुकट मिळालेली नाही. उत्तरेला बर्फातली एक पोस्ट होती, मी सेक्शन कमांडर. तिथे रिलीफच्या वेळी, म्हणजे पहारा बदलताना, जुना सेन्ट्री नव्याला सोबत घेऊन वाट चालून दाखवतो, कारण बर्फाखाली भेगा असतात. त्या दिवशी अकरा वाजता मोठे साहेब हेलिकॉप्टरने येणार होते. रेडिओ थांबत नव्हता. "पोस्ट रेडी? ओव्हर." मी जुन्या सेन्ट्रीला म्हणालो, "बस्स झालं, तोंडी सांग आणि खाली ये." वाटेवरची दोरी ताज्या बर्फात गाडली गेली होती. वळण कुठे आहे ते जुन्या सेन्ट्रीलाच ठाऊक होतं. नवा सेन्ट्री, शिपाई बाळू कोकरे, सरळ चालत गेला. वेळ दहा पन्नास. त्याला भेगेतून बाहेर काढायला सहा तास लागले. हवा बिघडली म्हणून साहेब आलेच नाहीत.

त्यानंतर त्या पोस्टवर प्रत्येक रिलीफचं पहिलं वाक्य ठरलं. "इथे कोकरे गेला. दोरी धर."

आता डोंबिवली. परफॉर्मन्स सुधारायला कंपनीच्या माजिवड्याच्या ऑफिसातून नवे साहेब आले. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. मग मला बोलावलं.

"जाधव, दोन्ही शिफ्ट रोज दहा मिनिटं नुसत्या फिरतात. हा आयडल टाइम आहे."

"साहेब, ती फेरी आहे."

"चेंजला विरोध करू नका."

मी बदलाला विरोध करणारा माणूस नाही हो! सैन्यात माझ्यासमोर रायफल बदलली, रेडिओ बदलला, बूट बदलले. पण नवे बूट आले तेव्हा आधी काही जवानांना घालायला दिले आणि विचारलं, कुठे चावतात? इथे कोणाला काय विचारलं? डोंबल! गेटवर टॅब्लेट लावला. त्यात पाच रकाने. सगळे हिरवे केले की हँडओव्हर झाला. एक जरी लाल झाला तरी अख्ख्या मजल्याचा स्कोअर खाली. तीनच्या ठोक्याला बाहेर पडलं नाही तरी लाल. माणसं जिना उतरून यायची, हिरवं-हिरवं-हिरवं करायची आणि चालू पडायची. येणारा त्याच टॅब्लेटवर बोट टेकवून वर जायचा.

आणि मी? मी "येस सर" म्हणालो. लेखी एक ओळ दिली नाही. कोकरेला गमावलेला माणूस मी, तरी गप्प बसलो.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी गेटवर होतो. वॉकीटॉकीवर पॅकिंगच्या बाईंचा आवाज आला. "सर, लवकर या. विलासभाऊ लिफ्टच्या खड्ड्यात पडले."

मालाच्या लिफ्टचं गेट लिफ्ट मजल्यावर असल्याशिवाय उघडत नाही. म्हणून भरलेली ट्रॉली ओढताना माणूस उलटा चालत आत जातो, मागे बघत नाही. विलासभाऊ वीस वर्षं तसेच जात होते. त्या दिवशी गेट उघडलं, लिफ्ट तळाला होती.

सकाळच्या शिफ्टचा संदीप माझ्या शेजारीच बॅग घेऊन उभा होता. त्याने बॅग खाली टाकली.

"सर, लिफ्टच्या गेटचं लॅच दोन वाजता तुटलेलं. मी गेटसमोर ट्रॉली आडवी लावलेली."

"सांगितलं का नाहीस?"

"टॅबमध्ये लिफ्टचा रकानाच नाय. वर थांबलो असतो तर लाल लागलं असतं."

ती आडवी ट्रॉली भरलेली होती. विलासभाऊंना वाटलं, माल खाली न्यायला ठेवलाय. हॉस्पिटलच्या वाटेवरच ते गेले.

चौथ्या दिवशी साहेबांनी रिपोर्ट पुढे केला. 'कर्मचाऱ्याने खात्री न करता गेट उघडले. हँडओव्हर पूर्ण होता.' पुरावा काय, तर विलासभाऊंच्या बोटाचं हिरवं! हाच कागद त्यांच्या घरी जाणार होता. म्हणजे बायकोने आणि मुलीने जन्मभर ऐकायचं की माणूस स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला.

"सही करा जाधव, फॉर्मॅलिटी आहे."

माझं डोकं फिरलं. मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'फेरी आदेशाने बंद केली. विलास भोईर यांची चूक नाही. मी लेखी विरोध केला नाही, ती चूक माझी.' मग सही केली. एक प्रत फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या हातात दिली, दुसरी भोईर वहिनींच्या.

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"येणारच नव्हतो," मी म्हणालो.

परवा संदीप कल्याणला घरी आला होता. लिफ्टला नवं लॅच बसलंय. टॅब्लेट अजून आहे. पण माणसं आता दहा मिनिटं आधीच येतात, कोणी सांगितलेलं नसताना, आणि जाणाऱ्याबरोबर मजला फिरतात.

"सुरुवात लिफ्टपासून करतो, सर."

"येणाऱ्याला काय सांगता?"

संदीप जमिनीकडे बघत म्हणाला, "इथे विलासभाऊ पडले. हात लाव आधी."