दरडीला लावलेला कान

ऐक वो माय, फोन नीट कानाले लाव. पहिले तुले थोडं रागावून घेते, मंग बाकीचं सांगते. गेल्या एप्रिलातल्या जयंतीचा फोटो तुह्या मोबाईलवर आला, त्यात आपल्या घराची समोरची भिंत अर्धी पांढरी अन् अर्धी पिवळी दिसली, तं तू हसली. "आजी आता थकली," म्हणाली. थकली असन तुही सासू, जवा होईन तवा! माह्या हातात अजून लोखंडी सब्बल उचलायचा जोर आहे. भिंत अर्धी काऊन राह्यली ते तू विचारलंच नाई. हसली अन् फोन ठेवला. वरून म्हणते, "आजी, तिकडे पाहण्यासारखं आहे काय? इकडे येऊन राहा, इकडे समुद्र आहे."

आली होती ना मी. तुले तिकडे कोकणात दवाखान्यात नर्सची नोकरी लागली तवा आली होती. दोन दिवसांच्या प्रवासानं कंबर मोडली, पण तू मले त्या कड्यावर नेलं ते मी विसरली नाई. काळा दगड, उतू जाऊन थिजल्यासारखा, अन् एकदम तुटलेला. खाली पाणी येऊन आदळून राह्यलं. वाऱ्यानं माह्या डोक्यावर पदर ठरेना. कड्याच्या फटीतून पारवे भर्रकन निघायचे, लाटेच्या अंगावरून एक चक्कर मारायचे अन् पुन्हा त्याच फटीत घुसायचे. वर एक पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी पंख न हालवता लटकला होता. तू म्हणाली, तो समुद्री गरुड. मी खाली उतरून पाणी चाखलं अन् थुंकलं. एवढं पाणी, अन् एका गडव्याच्या कामाचं नाई! तू हसून हसून खालीच बसली. तवाच मी तुले म्हटलं होतं, हे तं आपल्या दरडीसारखंच आहे. तुले पटलं नाई. पटन कसं? आठवीपासून तू गडचिरोलीच्या होस्टेलात. दरड तुह्या ध्यानातच नाई.

तं ऐक. आपल्या गावाखाली वैनगंगा जिथी वळते, तिथी पलीकडे सारी वाळू, वाळूमागं जंगल, अन् अलीकडे उभी मातीची भिंत. चार माणसं एकावर एक उभी केली तरी वरच्याचा हात काठाले लागणार नाई. वर मोहाची झाडं, त्यांची मुळं खाली लोंबत असतात. पुराच्या पाण्यानं दर साली एक कापा निघते, मंग आतली ताजी माती दिसते. वर तांबडी, मधात पिवळी भुसभुशीत, अन् खांद्याएवढ्या उंचीवर पांढऱ्या मातीचा पट्टा. तीच आपल्या भिंतीची माती. बाजारातला चुना आणला तं दोन महिन्यांत पापुद्रे निघतात. दरडीची माती भिंतीले धरून राह्यते.

त्या पिवळ्या भागात भोकंच भोकं आहेत. हिरवी चिमुकली पाखरं करतात ती. पुस्तकात त्याले वेडा राघू म्हणतात. मले तं तो कुठून वेडा दिसला नाई. शेपटीत एक काडी खोवल्यासारखी असते, डोळ्यात काजळाची रेघ. चोचीनं खणते, पायानं माती मागं फेकते, हातभर आत जाते अन् तिथी अंडी घालते. अजून खाली खंड्याचं घर. वरच्या फटीत घोरपड. पाणी उतरलं की वाळूवर पाणमांजरांचे पाय उमटलेले दिसतात. अन् वाघ. तो आता कुठी नाई? त्याच्यावरूनच ही सारी गोष्ट झाली.

आपल्या इथल्या बाया मोठ्यानं बोलतात म्हणून तुह्या मैत्रिणी तोंड दाबून हसतात ना? हसू दे. आम्ही मोह वेचाले, मातीले, काड्यांले जातो तवा एकजण काम करते अन् दुसरी जंगलाकडे तोंड करून उभी राह्यते. अन् दोघी बोलत राह्यतो. थांबायचं नाई. विषय संपला तं जुनाच पुन्हा काढायचा. माणसाचा आवाज आला की वाघ आपला रस्ता बदलते. तोंड मिटलं अन् वाकून बसली, की त्याले ते जनावरच वाटते. माह्या सासूनं मले पहिल्याच वर्षी हे शिकवलं. अन् दुसरंही एक शिकवलं होतं. माती काढायच्या पहिले दरडीले कान लावायचा. आत पिल्लं असली तं बारीक भिंगरी फिरल्यासारखा आवाज येते. आवाज आला तं चार हात सरकून खणायचं.

जयंतीले तीन दिवस होते. मी अन् माही धाकटी जाऊ, म्हणजे तुही बारकी आजी, दोघी गेलो. घमेलं, सब्बल, माती खरवडाले छपराच्या कवेलूचा तुकडा, पाण्याची बाटली. अर्धी भिंत आधीच्या खेपेत झाली होती, अर्धीसाठी माती पाहिजे होती. ती जंगलाकडे तोंड करून उभी राह्यली अन् तिच्या सुनेचं सुरू केलं.

"बाई, माही सून भाजीत मीठ टाकते का मिठात भाजी टाकते, तेच समजत नाई."

"अन् तू काय टाकत होती वो? तुह्या हातचं वरण खाऊन माहा दीर आठ दिवस शेतातच राह्यला होता!"

"ते वरणासाठी नाई, तुमच्या बोलण्यासाठी!"

अशा आम्ही हसून राह्यलो. त्या हसण्यात मी कान लावलाच नाई. लावला असता तरी आमच्या आवाजात काय ऐकू येणार होतं? पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेले सब्बल मारली. दुसऱ्या घावाले ती एकदम आत गेली, जसं लोण्यात जाते. मातीचा मोठा ढेपळा माह्या पायाशी पडला.

भोकाची आखी बाजू उघडी झाली होती. आत ओंजळीएवढी जागा. खाली चतुरांचे अन् मधमाश्यांचे पंखच पंख, उन्हात कागदासारखे चमकून राह्यले होते. अन् त्यावर पाच पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर पिसं नाईत, काटे आल्यासारखे दिसत होते. ऊन अंगावर पडलं तशी ती एकमेकांच्या खाली घुसू लागली. सब्बल त्यांच्यापासून दोन बोटांवर थांबली होती.

मी सब्बल हळूच मागं घेतली. जाऊ मागं न पाहता म्हणते, "बाई, बोला ना वो! काऊन गप झाल्या?"

"इकडे पाह्य," मी म्हटलं.

तिनं पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. वर मोहाच्या मुळीवर एक कावळा येऊन बसलाच होता. त्याले कोण सांगते कोणास ठाऊक.

तुले सांगते, मले त्या घडीले एकच आठवलं. तीन दिवसांनी विहारात उभं राहून पंचशील म्हणायचं होतं. पहिलंच शील, जीव घेण्यापासून दूर राहीन. आपल्या घरात ते माह्या सासऱ्यानं पहिल्यांदा म्हटलं, तवापासून कोणी चुकवलं नाई. अन् मी आता पाच जीव उन्हात टाकून ते म्हणणार होती.

मी जाऊले म्हटलं, "पाणी आण."

"बाई, माणसाचा हात लागला का पाखरू येत नाई म्हणतात."

"हात लावतच नाई. तू आण तं खरं."

माती खरवडायचा कवेलूचा तुकडा अर्धगोल होता ना, तो मी उघड्या बाजूले आडवा बसवला. पिल्लांले धक्का न लावता. मंग त्याच पांढऱ्या मातीत थोडं वाळलेलं गवत कुस्करून घट्ट गोळा केला अन् कवेलूच्या कडेनं थापत गेली. चूल घालतो तसंच. आजवर किती चुली घातल्या असतील, पण एवढ्या हळू हातानं कधी नाई. पुढचं तोंड तेवढं मोकळं ठेवलं. कावळ्याले जाऊनं ढेकूळ मारून हाकललं.

आता राघू यायचा होता. अन् तो येईना. चोचीत चतुर धरून वरच्या मुळीवर बसे, आमच्याकडे पाहे, उडून जाई. पुन्हा येई, पुन्हा जाई. जाऊ म्हणाली, "आपण दोघी इथी ढोल वाजवल्यासारख्या बोलून राह्यलो, तो कशाले येते?"

खरं होतं. पण गप बसायचं कसं? मागं जंगल. दोन आठवड्यांपूर्वी याच काठावर वाघाचा ताजा पाय पाह्यला होता.

"घरी चला," जाऊ म्हणाली. "झालं ते झालं."

"तू जा. मी पाहून येते."

"अन् तुमच्या मागं तुमच्या बुढ्याले मी तोंड काय दाखवू? चला तिकडे वाळूत. मोकळं आहे, काही आलं तं दुरूनच दिसन."

नदीत पाणी घोट्याएवढं. पलीकडच्या वाळूत मासेमाऱ्याचा एक डोंगा उलटा पडला होता. त्याच्या हातभर सावलीत आम्ही दोघी पाठीले पाठ लावून बसलो. ती जंगल पाहे, मी दरड. अन् दोघी गप. माह्या आयुष्यात मी एवढा वेळ गप बसली नसन. वाळू पोळून राह्यली होती. नदीचा आवाज पहिल्यांदा आला, मंग कुठीतरी टिटवी. जाऊच्या पाठीतली धडधड मले माह्या पाठीत लागत होती. मधात जंगलाच्या कडेले झुडपात काहीतरी हाललं अन् तिनं माहा हात असा पिळला की बांगडी पिचकली. रानडुक्कर निघालं. आम्ही तरी आवाज काढला नाई.

राघू मुळीवर आला. खाली उतरला, भोकासमोर तरंगला, परत वर गेला. दुसऱ्यांदा तसाच. तिसऱ्यांदा सरळ आत घुसला अन् बाहेर आला तवा चोच रिकामी होती. जाऊच्या डोळ्यातून पाणी गळलं. मले म्हणते, "वाळू गेली."

माती न घेताच आम्ही घरी आलो. पुढचे दोन दिवस विहाराच्या तयारीत गेले, पांढऱ्या पट्ट्यातली दुसरी जागा पाहाले वेळच राह्यला नाई, म्हणून भिंत अर्धी.

पण एकदा आत गेला म्हणजे पिल्लं वाचली असं थोडीच आहे? थापलेली माती वाळून निखळली असन, घोरपडीनं उकरलं असन, काय काय मनात येई. जयंतीच्या दिवशी सकाळीच तुह्या आबाजीले म्हटलं, चला. ते काठी घेऊन जंगलाकडे तोंड करून उभे राह्यले अन् मोठमोठ्यानं खाकरू लागले.

"खाकरू नका वो थोडा वेळ!"

"वाघ आला तं?"

"तं त्याले सांगा, बुढी कामात आहे."

मी दरडीले कान लावला. पहिले काहीच नाई. माह्याच कानातली घरघर. मी दुसरा कान बोटानं दाबला. मंग आलं. बारीक, भिंगरी फिरल्यासारखं, आतून. एक थांबलं की दुसरं. पाचही होते का, ते नाई सांगता येत. पण होते. तुह्या आबाजीले इशारा केला, तं त्यांनीही काठी खाली ठेवून कान लावला. एवढ्या वर्षांत तो माणूस मले असा लहान पोरासारखा हसताना दिसला नव्हता.

विहारात पोहोचलो तवा वंदना सुरू होत होती. पांढरं लुगडं नेसून मी पहिल्या रांगेत उभी राह्यली अन् पंचशील म्हटलं, पहिलं शील सगळ्यात मोठ्यानं. मागून बाया खुसखुसल्या. जाऊ माह्या कानाशी येऊन म्हणते, "बाई, भिंत पुरी झाली नाई म्हणून कान पांढरा केला काय?" माह्या कानाले अन् अर्ध्या गालाले दरडीची माती लागून होती. तशीच मी साऱ्या गावापुढे उभी होती. पुसली नाई. जेवणं होईपर्यंत तशीच फिरली.

मे महिन्यात ती पिल्लं उडाली. आम्ही डोंग्यापाशी बसून पाह्यलं. अन् आता या फाल्गुनात राघू परत आले आहेत. काल गेली तं पिवळ्या मातीत नवी भोकं सुरू झाली होती, बाहेर मातीचे छोटे ढीग. पुरानं माहा कवेलू वाहून नेला, ती जागाच कापल्या गेली. दर साली दरड हातभर सरकते, अन् माहे गुडघे काही सरकत नाईत. दवाखान्यात सांग, आजीकडे जायचं आहे. खोटं नको बोलू, खरंच सांग. महिन्याभरात अंड्यातून पिल्लं निघतील, तवा दरडीले कान लावाले ये वो माय. गडचिरोलीहून दुपारची एसटी आहे, फाट्यावर आबाजी उभे राह्यतील.