माझ्या वाट्याचा शब्द

वत्सला गेल्याची बातमी मला नलिनीनं दिली. तिथंही तीच पुढे. मी तेव्हा पेणहून रोह्याला निघालेली, नागोठण्याजवळ तुंबलेल्या रस्त्यात अडकलेली. वत्सला अंथरुणाला खिळल्यापासून दर रविवारी सकाळी मी तिच्याकडे जायची. त्या दिवशी पोहोचले तेव्हा नलिनीनं तिचे केससुद्धा विंचरून ठेवले होते...

आम्ही तिघी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. त्या दोघी रोह्याच्या, एकाच गाडीनं येणाऱ्या. वत्सला जेमतेम सातवी शिकलेली, पण मोबाइलवर रोज एक इंग्रजी शब्द यायचा, तो ती दिवसभर वापरायची. "नुसता अर्थ पाठ करून काय उपेग? माणसाला लावून बघायचा," म्हणायची. पण तो शब्द आधी गाडीत नलिनीला मिळायचा. माझ्यापर्यंत शिळा होऊन यायचा. जळायची मी, खोटं कशाला बोलू.

एकदा आला 'ग्रेसफुल'. नलिनी मूर्तीच्या डोळ्यावर कुंचला फिरवत होती. वत्सला मला म्हणाली, "ग्रेसफुल म्हंजे नुसतं सुंदर नाय गो. तिचा हात बघ, कसा फिरतो. ते ग्रेसफुल." तोच कुंचला मीही रोज धरत होते, पण माझा हात कुणाला दिसला नाही. आणि पुढे माझ्या वाट्याला काय आलं, तर 'पंक्चुअल'. "म्हंजे वेळेवर येणारी. तशी हायेस तू." मी फणकारले, "वेळेवर कंपनीचा भोंगा पण वाजतो." ती हसली. "भोंग्याची कोण वाट बघतं गो?" मला काही ते पटलं नाही. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

बाराव्याला नलिनी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्या सकाळी सारखी दाराकडे बघत होती. मी म्हटलं, पड जरा. तर म्हणते, येईल ती आता, पंक्चुअल हाय... मग काय बोललीच नाय." माझा शब्द तिच्या तोंडी शेवटचा होता, आणि तो ऐकायला नलिनी होती. तेवढंही मेलीनं मला ठेवलं नाही.

आता कारखान्याचं दार उघडलं की पहिली मीच आत जाते. खिडकीजवळचा वत्सलाचा पाट पुसून ठेवते आणि शेजारी बसते. रोह्याची गाडी यायला अजून वेळ असतो. तेवढा वेळ वत्सला माझी एकटीची असते.