अंड्यांवरची तांबडी

त्या हिवाळ्यात माझी तांबडी कोंबडी खुडूक झाली आणि मी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. शेजारीण म्हणाली, "ऐन थंडीत कोंबडी बसवतात का गं? सगळी अंडी गार पडतील." मी म्हटलं, पडतात कशी, बघतेच.

तेव्हा गारखेड्यात आमच्या घरामागं मोकळं रान होतं. वारा सरळ खुराड्यात घुसायचा. मी विटांच्या फटी शेणमातीनं लिंपल्या, खाली राख टाकून वर भुशाचा जाड थर दिला, दाराला पोत्याचा पडदा शिवला. वर बोटभर फट तेवढी ठेवली, नाहीतर आत ओल धरते. आमचे हे वाळूजला कंपनीत होते. रात्रपाळीहून आले तरी न झोपता त्यांनी छपरावर पत्रा ठोकला, आत बल्ब लावून दिला. "निघतील बघ तुझी पिल्लं," म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, माझ्या कामाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता. हुरळून गेले मी, दुसरं काय!

अठराव्या दिवशी रविवार होता. यांच्या पाळीतले चौघं हुरडा खायला यायचे होते, वर गावरान रस्सा. मी आदल्या दिवशीच बजावलं, "माझ्या कोंबड्यांना हात लावायचा नाय."

"व्हय गं, बाजारातून आणतो की."

मी नळावरून पाणी घेऊन आले, तोवर चुलीपाशी पातेल्यात तुकडे तयार होते. मसाला वाटला, फोडणी दिली, भाकरी थापल्या. पाहुणे बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, लई भारी!" आणि मी खुशाल हसले.

ते गेल्यावर दाणे टाकायला मागं गेले. पडदा वर केला तर बल्ब चालू, अंडी उघडी, तांबडी नाही. एकेक अंडं गालाला लावून पाहिलं. सगळी गार.

केसानं गळा कापला माझा! अंडी ओच्यात घेऊन मी तशीच घरात शिरले. "शब्द दिला होता ना तुम्ही? तीच का? सात कोंबड्या होत्या खुराड्यात, तीच कशी सापडली तुम्हाला?"

हे बाजेवर लवंडले होते. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"बाजारात गावरान मिळालीच नाय. अन् बाकीच्या पळत होत्या गं. ही एकटीच जागची हलली नाय."